‘अडॅप्टर लावा आणि विसरा’: जुन्या ५० मिमी लेन्सबद्दलच्या चार विधानांचा प्रतिवाद

लायकाच्या डिजिटल रेंजफाइंडरवर (व्ह्यूफाइंडरमध्ये दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्यावर) जुन्या स्क्रू-माउंटची, म्हणजे आटे फिरवून बसवायची, ५० मिमी लेन्स लावू पाहणाऱ्याला हमखास मिळणारा एक सल्ला आहे. अडॅप्टर लावला की फोकस आपोआप जुळतो; जुन्या काचेत नव्या लेन्सला न साधणारी एक आभा असते; मात्र ती काच जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरला पुरी पडत नाही, म्हणून बॉडीही जुनीच घ्यावी; आणि आत सरकणाऱ्या नळीची लेन्स घेतली तर कॅमेरा खिशात मावतो. या चारही विधानांत थोडेथोडे तथ्य आहे आणि त्या तथ्याच्या जोरावरच बाकीचे खपून जाते.

पहिले विधान लायकाच्या स्वतःच्या लेन्सपुरते असेल, तर माझी फारशी हरकत नाही. स्क्रू-माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिमी होते. १९५४ च्या लायका एम३ कॅमेऱ्याबरोबर आलेल्या बायोनेटमध्ये (थोडे फिरवून अडकवायच्या बैठकीत) ते २७.८ मिमी केले गेले, आणि मधला १ मिमी अडॅप्टरची जाडी भरून काढते. ही योजना मुळातच विचारपूर्वक केलेली होती. पण सल्ला देणारे बहुतेक जण उदाहरण देतात ते सोव्हिएत ज्युपिटर-८ चे, आणि तिथे गणित बिघडते. ही लेन्स लुडविग बेर्टेले या रचनाकाराने झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी आखलेल्या झोनार या लेन्सची वंशज आहे. कॉन्टॅक्सच्या ‘५० मिमी’ लेन्सची खरी नाभीय लांबी (फोकल लेंग्थ) ५२.४ मिमी धरलेली असे, तर लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमी गृहीत धरून चालतो. कॉन्टॅक्सच्या मापाची लेन्स अनंतावर अचूक बसवली, तरी सुमारे १ मीटरवर तिचा फोकस विषयाच्या जवळजवळ ३ सेंमी मागे पडतो. एफ/२ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडे असताना, त्या अंतराला फिल्मच्या जुन्या निकषानेसुद्धा मागेपुढे मिळून जेमतेम ५ सेंमीचा पट्टा स्पष्ट येतो. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्यावर जुळवलेल्या दोन प्रतिमा फोटोत डोळ्याच्या मागे, कानाच्या बाजूला स्पष्ट उतरतात, आणि दोष फोटो काढणाऱ्याच्या हाताला लागतो.

उपाय आहे, पण तो तडजोडीचा आहे. काचेच्या गटाखालची पातळ चकती साधारण ०.१ मिमीने जाड केली, की जवळचा फोकस जुळतो आणि अनंत थोडा हुकतो. तो हुकलेला भाग एफ/५.६ किंवा एफ/८ एवढ्या लहान छिद्रावर झाकला जातो. शिवाय झोनार रचनेत ॲपर्चर बंद करत गेले की फोकस आणखी मागे सरकतो, हे लक्षात ठेवावे लागते. ज्यांच्या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू (सेन्सरवरचे चित्र थेट पडद्यावर पाहण्याची सोय) आहे, त्यांनी टेबलावर तिरपी पट्टी ठेवून एकदा पडताळणी केली तर अर्ध्या तासात निकाल लागतो.

आभेबद्दल जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण बाजारभाव तिच्यावरच चढतात. कोटिंग (परावर्तन कमी करणारा लेप) नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. लायकाच्या १९३३ च्या ‘सुमार’ (Summar) या लेन्समध्ये हवेला लागून असे आठ पृष्ठभाग आहेत. त्यांतून साधारण ७२ टक्के प्रकाश थेट पार होतो आणि उरलेल्यातला काही भाग आतल्या आत फिरून सावल्यांवर पसरतो. झोनारमध्ये असे पृष्ठभाग सहाच असल्यामुळे कोटिंगपूर्व काळात तिची प्रतिमा अधिक ठसठशीत येई. याला पूर्ण उघड्या ॲपर्चरवरची गोलीय विपथनाची (काचेच्या कडेची आणि मधली किरणे एका बिंदूत न मिळण्याची) मऊ कडा जोडली, की आभेचा प्रामाणिक हिस्सा संपतो. उरलेला हिस्सा बहुधा मळ असतो.

माझी समिटार (लायकाचीच आत सरकणाऱ्या नळीची जुनी ५० मिमी लेन्स) मी घेतली तेव्हा तिच्यातही ‘आभा’ होती. अंधारात मागून टॉर्च धरल्यावर ॲपर्चरच्या पात्यांलगतच्या काचेवर दुधाळ थर दिसला, वंगणाच्या वाफेचा. जाणकार कारागिराने तो पुसला आणि आभेचा बराचसा भाग त्या कापडावरच राहिला. पुढच्या मऊ काचेवरच्या पुसण्याच्या बारीक रेघा मात्र कायमच्या आहेत, आणि खिडकीसमोर बसलेल्या माणसाच्या केसांभोवती त्या आजही दिसतात. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये बुरशीचे जाळेही याच टॉर्चने सापडते. विक्रेत्याने ‘कॅरॅक्टर’ हा शब्द उच्चारला की टॉर्च काढावा.

तिसऱ्या विधानाचा पाया चुकीचा आहे. सेन्सरचे पिक्सेल सूक्ष्म झाल्याने कोणतीही लेन्स वाईट होत नाही. त्याच लेन्समधून मिळणारा तपशील तेवढाच राहतो किंवा किंचित वाढतो. लायका एम९ च्या १८ मेगापिक्सेलऐवजी एम११ च्या ६० मेगापिक्सेलचे चित्र पडद्यावर शंभर टक्क्यांनी पाहिले, तर आपण ते सुमारे १.८ पट मोठे करून पाहत असतो आणि दोष लेन्सला देतो. दोन्हींचे सारख्या आकाराचे प्रिंट शेजारी ठेवले की वाद मिटतो. सेन्सरवर किरण तिरपे पडून कडांना चित्र बिघडते ही तक्रार खरी आहे, पण ती २१ मिमीसारख्या रुंद लेन्सची.

चौथे विधान सरळ धोक्याचे आहे. एम८ आणि एम९ च्या सूचनापुस्तिकांतच अशी लेन्स नळी बाहेर ओढूनच वापरावी, असे बजावले आहे; आत सरकलेली नळी कॅमेऱ्याच्या अंतर्भागाला लागू शकते. माझ्या समिटारच्या नळीभोवती मी रबराची एक कडी कायमची चढवून ठेवली आहे. त्यामुळे ती आत जातच नाही, आणि कॅमेरा पिशवीतूनच न्यावा लागतो.