तंबाखूचं पाणी भाजीवर मारू नका, आणि तो मेसेजही पुढे पाठवू नका

"भाजीवरची कीड 7 दिवसांत गायब, एक थेंबही केमिकल न वापरता" असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात सहा उपाय आहेत: तंबाखूचं पाणी, मीठ-व्हिनेगर-डिशवॉशचा स्प्रे, भोवती झेंडू, कडुनिंबाचं तेल "जितकं जास्त तितकं चांगलं", अंड्याची टरफलं आणि कॉफीचा चोथा, आणि शेवटी "कीड दिसो न दिसो, दर तिसऱ्या दिवशी सकाळी फवारा, दिसेल तो किडा मारा". असे मेसेज मी एरवी वाचून सोडून देते. पण हा माझ्या धाकट्या बहिणीकडे पोचला. तिने आयुष्यात पहिल्यांदाच टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी लावलीय, घरात रांगतं बाळ आहे, आणि तिने मला हे करू का नको असं विचारलंच नाही, थेट विचारलं की "ताई, तंबाखू किती तास भिजवायची गं?" म्हणून बसून सविस्तर लिहितेय.

आधी तंबाखूच, कारण बाकीच्या उपायांनी बहुतेक झाडाचंच नुकसान होतं, याने माणूस आजारी पडू शकतो.

मेसेजमध्ये लिहिलंय, "तंबाखू नैसर्गिक आहे त्यामुळे मुलांना, पाळीव प्राण्यांना काहीही धोका नाही." हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला निकोटीन म्हणजे काय हे माहीतच नाहीये. तंबाखूच्या झाडाने किड्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून बनवलेलं ते विष आहे, आणि ते किड्याच्या ज्या मज्जासंस्थेवर काम करतं तशीच यंत्रणा आपल्यातही आहे. जागतिक आरोग्य संघटना कीटकनाशकांची धोक्यानुसार यादी काढते. त्या यादीत निकोटीन 1ब गटात आहे, म्हणजे "अतिशय घातक". आणि मॅलेथिऑन, ज्याचं नाव ऐकूनच लोक "नको बाई ते केमिकल" म्हणतात, ते त्याच यादीत गट 3 मध्ये आहे, "किंचित घातक". याचा अर्थ मॅलेथिऑन आणून मारा असा अजिबात नाही, ही वर्गवारी फक्त तातडीच्या विषबाधेची आहे, आणि मॅलेथिऑनला 2015 मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलंय तो मुद्दा वेगळा. पण जी गोष्ट तुम्ही केमिकलला पर्याय म्हणून घरात बनवताय, तिच्यातलं निकोटीन अंगावर सांडलं किंवा पोटात गेलं तर त्या केमिकलपेक्षा जास्त विषारी आहे, एवढं तरी मेसेज पुढे ढकलण्याआधी कळायला हवं ना. निकोटीन सल्फेट नावाचं कीटकनाशक एकेकाळी बाटलीत विकत मिळायचं, अनेक देशांनी ते बंद केलं. का बंद केलं असेल?

आणि प्रमाण कुठे आहे? मेसेजमध्ये "मूठभर तंबाखू, लिटरभर पाणी, रात्रभर". एका सिगारेटच्या तंबाखूत साधारण 10 मिलीग्रॅमच्या आसपास निकोटीन असतं आणि ओढणाऱ्याच्या शरीरात त्यातलं जेमतेम 1-2 मिलीग्रॅम जातं. पण निकोटीन पाण्यात छान विरघळतं, भिजवल्यावर त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. तुमच्या मुठीत किती मावलं, तंबाखू कोणती, किती कडक, काहीच माहीत नाही, म्हणजे बाटलीत किती विष तयार झालंय ते बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. वर त्यात साबण घाला म्हणे, म्हणजे पानाला चिकटेल! साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी पाण्यात निकोटीन कातडीतून जास्त सहज आत जातं. कातडीतून जातं हे माझ्या डोक्यातलं नाही, तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना यानेच आजार होतो, मळमळ, उलट्या, चक्कर, डोकेदुखी, आणि त्यांनी तर नुसती पानं हाताळलेली असतात. इथे तुम्ही तेच पाणी वाऱ्यात फवारताय, तोंडावर उडतंय, हातावर ओघळतंय.

बाळाच्या घरात तर हे पाणी बनवूच नये. ते दिसतं कोऱ्या चहासारखं, आणि लोक ठेवतात कशात, तर पाण्याच्या जुन्या बाटलीत. चुकून कोणी प्यायलं आणि लाळ गळायला लागली, उलट्या झाल्या, घाम फुटला तर घरगुती उपाय करत बसू नका, मुद्दाम उलटी काढायला जाऊ नका, सरळ दवाखाना गाठा आणि काय प्यायलंय ते डॉक्टरांना सांगा.

याच तंबाखूचा झाडांनाही त्रास आहे, तो कोणी सांगत नाही. टोमॅटो, मिरची, वांगी ही तंबाखूच्याच कुळातली झाडं. तंबाखूत एक विषाणू असू शकतो, टोबॅको मोझॅक व्हायरस, त्याने पानं चट्ट्यापट्ट्यांची होतात, आकसतात, झाड खुरटतं. तो वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो आणि एकदा झाडाला लागला की त्यावर औषधच नाही, झाड उपटून टाकावं लागतं. सिगारेट ओढणाऱ्याने टोमॅटोला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत असं जाणकार सांगतात ते यासाठी, आणि इथे अख्खी तंबाखूच भिजवून पानांवर ओतायला सांगताहेत.

मीठ-व्हिनेगरबद्दल थोडक्यात. व्हिनेगर तण जाळायला वापरतात, तो कोवळ्या पानांचंही तेच करतो, त्याला तुमचा टोमॅटो कोणता आणि तण कोणतं ते कळत नाही. मीठ मातीत साठत जातं, कुंडीत तर जास्तच, मग ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, पानांच्या कडा करपतात आणि नवखा माणूस म्हणतो की रोग पडला, अजून एक फवारा मारू. साबणाच्या बाबतीत मात्र मान्य करावं लागेल की अर्धं खरं आहे. साबणाच्या पाण्याने मावा (कोवळ्या पाल्यावर घोळक्याने बसणारे बारके किडे), पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, लाल कोळी असले मऊ अंगाचे जीव मरतात. पण ते किडीच्या अंगावर थेट पडलं तरच, वाळल्यावर त्याचा काही उपयोग राहात नाही, त्यामुळे "आधीच मारून ठेवा म्हणजे येणार नाही" हे चूक. डिशवॉश लिक्विड हा साबण नसतो, डिटर्जंट असतो, तेलकटपणा काढायलाच बनवलेलं, ते पानावरचा मेणाचा थरही काढतं. झाडांसाठीचा पोटॅशियम साबण वेगळा मिळतो, तो 1 ते 2 टक्के, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, आणि आधी दोनचार पानांवर मारून एक दिवस थांबून बघायचं. पाणी जड असेल तर त्याचा साका होतो आणि परिणाम कमी होतो.

आता तो शेवटचा मुद्दा, दर तिसऱ्या दिवशी सकाळी फवारा आणि दिसेल तो किडा मारा. माझ्या मते तंबाखूच्या खालोखाल नुकसान याने होतं, कारण हे वाचायला अगदी शिस्तीचं वाटतं.

काकडी, दोडका, कारलं, भोपळा यांना नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. एकाचे परागकण दुसऱ्यापर्यंत मधमाशीने नेले नाहीत तर मादी फुलामागचं ते बोटाएवढं फळ पिवळं पडून गळतं. यातली बरीचशी फुलं सकाळी उमलतात, मधमाश्या सकाळी येतात, आणि मेसेज नेमका सकाळीच फवारा म्हणतो. मग फळं गळतात, माणूस म्हणतो कीड लागली, अजून फवारतो, अजून गळतात. मी अशी बाग बघितलीय, वेल हिरवागार, फुलं भरपूर आणि फळ एकही नाही.

आणि "दिसेल तो किडा"? ढालकिडा म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण त्याची अळी बघा, काळपट, लांबट, काटेरी, अंगावर केशरी ठिपके, चिमुकल्या मगरीसारखी. बघताक्षणी कोणीही चिरडेल. तीच अळी दिवसाला कितीतरी मावा खाते. मावा नर-मादी न भेटताही थेट पिल्लं घालतो आणि ती पिल्लं साधारण आठवड्याभरात स्वतः पिल्लं घालायला लागतात, त्यामुळे त्याचा वेग तुमच्या स्प्रेच्या बाटलीला झेपणारा नाही, त्याला खाणारे जिवंत ठेवले तरच तो आटोक्यात येतो. माव्याच्या घोळक्यात काही जण फुगलेले, तपकिरी, कागदासारखे दिसले तर त्यांना हात लावू नका, त्यांच्या आत गांधीलमाशीच्या जातीतल्या एका बारक्या माशीचं पिल्लू वाढतंय, ते बाहेर पडून पुढच्या माव्याच्या मागे लागेल. मुंग्यांची रांग मात्र तोडा, त्या माव्याचा गोड स्राव खातात आणि त्याला राखतात.

झेंडूचं काय? लावा की, छान आहे. त्याच्या मुळांतून निघणारं एक रसायन मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना, म्हणजे मातीतल्या बारीक कृमींना, खरंच दाबतं. पण त्यासाठी त्या जागेत आधी दोनेक महिने दाट झेंडू वाढवावा लागतो, कडेला चार रोपं ठेवून ते होत नाही. "झेंडूच्या वासाने सगळी कीड पळते" हे तर उलटं आहे. टोमॅटोच्या शेतात 16 ओळींमागे एक ओळ झेंडू लावतात ती फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाला बोलवायला, त्याने टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालावीत म्हणून. म्हणजे झेंडू लावून त्याच्याकडे बघितलंच नाही तर तुम्ही कीड पाळताय. शिवाय उन्हाळ्यात त्यावर लाल कोळी हमखास येतो.

कडुनिंबाचं तेल काम करतं, त्यातल्या अझाडिरेक्टिन नावाच्या घटकाने अळीचं खाणं मंदावतं आणि कात टाकणं बिघडतं. पण ते हळूहळू होतं, उन्हात ते लवकर निकामी होतं, आणि "जास्त तितकं चांगलं" मारलं तर पानं करपतात. लिटरला 3 ते 5 मिली, थोड्या साबणाने पाण्यात नीट मिसळून, संध्याकाळी, आणि बाटली मुलांच्या हाताबाहेर, कारण हे तेल पोटात जाऊन लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

टरफलं आणि चोथा कंपोस्टात टाका. गोगलगाय टरफलांवरून आरामात चालत जाते.

या सहाही उपायांना न दबणारी कीड म्हणजे जी आत असते. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा अळी आत बसलेली असते, वरून काहीही मारा, तिला पत्ता लागत नाही. तो शेंडा सुकल्या भागाच्या जरा खालून कापायचा आणि चिरडून टाकायचा, बागेत पडू द्यायचा नाही. काकडी-कारल्याला डंख मारणारी फळमाशीही तशीच, अंडी सालीच्या आत, म्हणून परागीभवन झालं की कोवळ्या फळाला कागदाची किंवा जाळीची पिशवी बांधायची आणि गळलेली फळं रोजच्या रोज उचलायची. बहिणीला मी हेच सांगितलंय, फवारा बाजूला ठेव, सकाळी चहा झाला की पानं उलटून बघ, अंड्यांचा पुंजका दिसला तर बोटाने पूस, अळी दिसली तर उचल, मावा दिसला तर पाण्याचा जोरात फवारा मारून पाड, आणि नत्राचं (नायट्रोजनचं) खत कमी कर, फार लुसलुशीत पाल्यावर मावा आधी बसतो. तिच्या मिरचीवर सध्या मावा आहे आणि दोन ढालकिड्याच्या अळ्याही आल्यात, त्यांना हात लावायचा नाही असं ठरलंय.