कोंबडी आली आणि हसू थांबलं

'द बॅलड ऑफ बस्टर स्क्रग्ज' (२०१८) या वेगवेगळ्या गोष्टींच्या सिनेमाला एका लेखात 'धमाल वेस्टर्न' म्हटलंय. पहिल्या दोन गोष्टींपुरतं पटलं. गाणी म्हणत माणसं लोळवणारा बस्टर बघून आमच्याकडे सगळेच हसत होते. गळ्यात फास अडकलेला जेम्स फ्रँको शेजारच्या रडणाऱ्याला 'पहिलीच वेळ का?' असं विचारतो, तिथे तर सासरेबुवांनाही ठसका लागला.

मग 'मील टिकट' ही गोष्ट सुरू झाली. हातपाय नसलेला तो पोरगा गावोगाव शेली-शेक्सपिअरच्या ओळी, लिंकनचं भाषण म्हणून दाखवतो. गल्ला आटल्यावर त्याचे खेळ लावणारा लियाम नीसन गणितं सोडवणारी कोंबडी विकत घेतो. पुलावरून नदीत दगड टाकून बघतो ना तो, तेव्हा घरात कुणी बोलेना. दिग्दर्शक कोएन बंधू पुढचं दाखवतसुद्धा नाहीत. (न पाहिलेल्यांनो, माफ करा, सांगून बसलो.)

मला सगळ्यात आवडला सोनं शोधणारा टॉम वेट्स. घुबडाची अंडी उचलतो, मग घुबडाच्या मादीची नजर पडल्यावर एकच ठेवून बाकीची गुपचूप परत नेऊन ठेवतो! शेवटची घोडागाडीतली गोष्ट मात्र नुसतीच बडबड वाटली. बायको म्हणते, तीच सगळ्या सिनेमाची किल्ली आहे. रविवारी परत बघणार आहोत.