एकोणीस वर्षांचा सैनिक आणि कमरेचं पिस्तूल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या काही राज्यांनी एकविशीच्या आतल्या सैनिकांना आणि माजी सैनिकांना कपड्याआड पिस्तूल बाळगायची सवलत दिली आहे. ती आहे तशी मला मान्य नाही, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही अटलांटाहून लिहिलंत, "ज्या पोराच्या हाती देशाने रायफल दिली, त्याला रस्त्यावर पिस्तूल बाळगू द्यायला तुमचं काय जातं? साताऱ्यात बसून आमच्या मुलांवर अविश्वास दाखवू नका." तुमचा मुलगा तिकडे आर्मीत आहे हेही कळवलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अविश्वासाचा प्रश्नच नाही. आमच्या घरात वडील आणि काका दोघेही फौजी. हत्याराला किती जपायचं असतं हे ऐकतच मी मोठा झालो. पण ते हत्यार काम संपलं की कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा व्हायचं. घेताना नोंद, परत देताना नोंद, गोळ्यांचा हिशेब वेगळा. अमेरिकन आर्मीतही बराकीत राहणाऱ्या जवानाला स्वतःची बंदूक खोलीत ठेवता येत नाही, ती युनिटच्या शस्त्रागारात जाते. सैनिकाच्या हातात शस्त्र सुरक्षित असतं, त्यात त्याच्या शिस्तीइतकाच वाटा या बंदोबस्ताचा असतो. सवलत देताना राज्य सरकारं शिस्त गृहीत धरतात. बंदोबस्त मात्र छावणीतच राहतो.

तुमच्या जॉर्जियाचंच बघा. परवान्यासाठी वयाची अट २१, पण बेसिक ट्रेनिंग पूर्ण केलेल्याला १८. परवान्याला प्रशिक्षण लागतच नाही आणि २०२२ पासून पात्र माणसाला परवान्याचीही गरज उरलेली नाही. म्हणजे एकविशीच्या आतल्या पोरासाठी आर्मीचं दहा आठवड्यांचं बेसिक हीच काय ती कसोटी. त्यात भर असतो रायफलवर. बहुतेक जवानांच्या वाट्याला पिस्तूल येतही नाही. शिवाय रेंजवर हुकूम देणारा कोणीतरी उभा असतो. गर्दीच्या दुकानात भांडण पेटलं, तर गोळी झाडायची की नाही, आणि त्या राज्याचा कायदा ती झाडू देतो की नाही, हे पोराला एकट्याने आणि क्षणात ठरवायचं असतं. हे शिक्षण वेगळं आहे, आणि ते त्याला कोणी दिलेलं नाही. फ्लोरिडात तर सन्मानपूर्वक सेवामुक्तीचा कागदच प्रशिक्षणाचा पुरावा म्हणून चालतो.

तुम्ही टेक्सासमधल्या फोर्ट हूड या लष्करी छावणीचा दाखला दिलात. २००९ साली तिथे १३ जण मारले गेले, आणि सैनिकांना छावणीत स्वतःचं शस्त्र जवळ बाळगायची मुभा नव्हती, हे खरं. तुमचा संताप मला समजतो. २०१६ मध्ये संरक्षण खात्याने कमांडरना तशी परवानगी देण्याचा अधिकार दिला, तो मला योग्य वाटतो. कारण तिथे माणसाला ओळखणारा अधिकारी निर्णय घेतो. पण फोर्ट हूडमध्ये गोळ्या झाडणारा स्वतः आर्मीतला मेजर होता, मनोविकारतज्ज्ञ. २०१४ साली त्याच छावणीत पुन्हा गोळीबार झाला, तोही एका सैनिकाने केला. नुसत्या गणवेशावरून माणसाची पारख करायला मी तयार नाही, ते याचमुळे.

वयावर माझा आक्षेप नाही. अठराव्या वर्षी मरायला पाठवता येतं, तर अठराव्या वर्षी स्वसंरक्षणाचा हक्कही असावा, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पिस्तुलाचं वेगळं प्रशिक्षण आणि शस्त्र कुलपात ठेवण्याची सक्ती जोडा, मग या सवलतीला माझा पाठिंबा आहे.

आणि कुलपाबद्दल मी हट्टी आहे. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली, असं तिथल्या माजी सैनिक खात्याचा अहवाल सांगतो. त्यातल्या सत्तर टक्क्यांहून अधिक बंदुकीने झाल्या. आत्महत्येचं प्रमाण सर्वांत जास्त आहे ते १८ ते ३४ या वयोगटात, आणि फौज सोडल्यानंतरचं पहिलं वर्ष विशेष धोक्याचं. युनिट सुटतं, सोबती पांगतात, रात्री झोप लागत नाही. अशा वेळी उशाशी भरलेलं पिस्तूल असणं आणि कुलपात असणं यात जीव वाचण्याइतका फरक पडतो, कारण तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. रस्त्यावरच्या चोरापेक्षा मला या पोरांसाठी याची जास्त भीती वाटते. तुमच्या प्रतिक्रियेत याचा उल्लेखही नव्हता.

मुलगा पुढेमागे फौजेतून बाहेर पडला आणि पिस्तूल घेणार असेल, तर माजी सैनिक खात्याकडून बंदुकीचं कुलूप फुकट मिळतं, ते त्याला आणायला सांगा. आणि ९८८ लावून १ दाबलं की सैनिकांसाठीच्या मदतवाहिनीवर दिवसरात्र माणूस भेटतो. त्या क्रमांकावर घरच्यांनाही बोलता येतं.