लाखोंनी बटण दाबलं म्हणून?

आत्याचा फोन आला तोच तणतणत. "वाचलास का रे मेसेज? लाखो लोकांनी मत दिलंय!" वाचला. त्यात म्हटलंय, हजार माणसांना विचारून कोट्यवधींचं मत सांगणारे सर्व्हे थोतांड आहेत, तुम्हाआम्हाला कधी कुणी विचारलंय का, सर्व्हेवाले प्रश्न फिरवून हवं ते उत्तर काढतात. आमच्या ऑनलाइन पोलवर मात्र लाखोंनी मत दिलंय, म्हणून हाच खरा कौल. हा मेसेज तिसऱ्या ग्रुपवरून आलाय, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

आधी ते "लाखोंनी मत दिलं म्हणजे खरं". हा मुद्दा १९३६ सालीच मेलाय. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त भरून परत आल्या. निष्कर्ष काढला, रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. प्रत्यक्षात त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या रूझवेल्टनी तेव्हाच्या ४८ पैकी ४६ राज्यं मारली. आणि सर्व्हे घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारून रूझवेल्टचंच नाव सांगितलं होतं. डायजेस्टने पत्ते घेतले होते फोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार कुणाकडे असणार? त्यात पत्रिका परत पाठवायची तसदीही लँडनवाल्यांनीच जास्त घेतली. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत पातेल्यातून कुठूनही उचलता आलं तर. यांनी वरवरचीच उचलली, आणि ओंजळभर उचलली म्हणून काही खालचा कच्चा भात शिजला नाही. दोन वर्षांत साप्ताहिकच बंद पडलं.

ऑनलाइन पोलचं तेच, फक्त टपालखर्च वाचतो. ज्याचं डोकं फिरलंय तो बटण दाबतो, चार मित्रांना दाबायला लावतो. ज्याचं बरं चाललंय तो स्क्रीन वर सरकवतो. बरं, दाबणारे काय वाट्टेल ते दाबतात! प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये, ज्यात लोक आपणहून नाव नोंदवतात अशा एका ऑनलाइन पाहणीत विचारलं, तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवायचा परवाना आहे का? तिशीच्या आतल्या १२ टक्क्यांनी हो म्हटलं.

"मला कधी विचारलं नाही." कोट्यवधींतून हजार निवडायचे म्हटल्यावर तुझा नंबर लागला असता तरच नवल. आणि ते हजार खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले, तर चूक साधारण ३ टक्के इकडे-तिकडे, मग देश केवढाही असो. पुढे.

"प्रश्न फिरवतात." हे मात्र, काय करणार, खरं आहे. १९४० च्या सुमाराला अमेरिकेत विचारलं, लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का? ६२ टक्के नाही म्हणाले. तशाच दुसऱ्या लोकांना विचारलं, अशा भाषणांवर बंदी घालावी का? हो म्हणणारे ४६ टक्केच निघाले. म्हणून जो सर्व्हे आपला प्रश्न शब्दशः छापत नाही, त्याचे आकडे मीही सोडून देतो.

एवढं आत्याला सांगितलं आणि म्हटलं, आता तुझ्या त्या पोलचा प्रश्न वाच बघू. तिने चष्मा लावला. "आजकालच्या मुलांना आई-वडील ओझं वाटतात, तुम्हालाही असंच वाटतं ना?" खाली दोन बटणं. एक 'हो', दुसरं 'शंभर टक्के हो'.

आत्याने दुसरं दाबलं होतं.