तात्यांसारख्यांनी आता बोलून लिहावं

गोव्यात मराठी लिहिणारी माणसं उरली नाहीत, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. माणसं भरपूर आहेत. त्यांना टाईप करता येत नाही, एवढंच. देवस्थानाचं इतिवृत्त वळणदार अक्षरात लिहिणारे आहेत, सप्ताहाच्या आठवणी रात्रभर सांगतील असे आहेत. पण कॉम्प्युटरसमोर बसवलं की तेच लोक गप्प होतात. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिकायचा धीर नसतो, आणि इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची तर 'ळ' शोधण्यातच वाक्य विसरायला होतं. मग कागद कुणा भाच्याच्या नाहीतर डीटीपीवाल्याच्या हातात द्यायचा आणि त्याच्या मागे लागायचं. बरेच जण तेवढंही करत नाहीत.

यावरचा उपाय त्यांच्याच घरातल्या कॉम्प्युटरमध्ये आहे, पैसे न मोजता. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये मराठी भाषा घाला, विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून मराठीवर या, जिथे लिहायचंय तिथे क्लिक करा आणि विंडोजचं बटण धरून एच दाबा. छोटा माईक दिसेल. बोलायला लागा. गुगल डॉक्समध्येही ही सोय आहे: क्रोममध्ये डॉक्युमेंट उघडून टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग घ्यायचं आणि माईकच्या वर मराठी निवडायचं. दोन्हीला इंटरनेट लागतं, म्हणजे पावसात लाईट आणि नेट गेलं की काम थांबलं.

आपल्याकडची खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या मित्रांच्या लक्षात येत नाही. आपल्यापैकी कितीतरी जण घरी कोंकणी बोलतात आणि लिहितात मराठीत. हाताने लिहिताना हा बदल मनातल्या मनात होतो. माईकसमोर मात्र मराठी तोंडाने बोलावी लागते, पूर्ण वाक्यात. विंडोजमध्ये ज्या भाषांत असं बोलून लिहिता येतं त्यांच्या यादीत मराठी आहे, कोंकणी नाही. कोंकणीही त्यात यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तोवर मराठी लिहायचं तर मराठीतच बोलणं आलं.

आमच्या तात्यांचं पाहा. सत्तरी ओलांडलेली, जत्रेच्या नाटकांत उमेदीची सगळी वर्षं गेली. देवळाच्या स्मरणिकेसाठी त्या नाटकांबद्दल लिहा म्हणून त्यांना बसवलं. ते माझ्याकडे बघून नेहमीसारखे कोंकणीतून सांगू लागले आणि पडद्यावर भलतेच शब्द आले. मी म्हटलं, "तात्या, माझ्याकडे बघू नका. समोर प्रेक्षक बसलेत असं समजा." त्यांनी पंखा बंद करायला लावला, पाठ ताठ केली आणि भूमिकेत शिरल्यासारखं स्वच्छ मराठीत बोलू लागले. पेट्रोमॅक्सचा उजेड, पडद्याआडून वाक्यं पुरवणारा माणूस, पहाटेपर्यंत बसलेली माणसं, सगळं ओळीमागून ओळ उमटत गेलं. मध्येच थांबून पडद्याकडे बघत म्हणाले, "आयकता मरे हें!" नाटकातली, कीर्तनातली, शाळेत शिकवणारी माणसं मराठी मोठ्याने बोलतच आलीत. टायपिंगमध्ये ती तरुणांच्या मागे असतील, इथे ती पुढे आहेत.

बोलून झालं की काम संपलं असं मात्र नाही. विरामचिन्हं मी हाताने घालतो. आपल्या गावांची नावं तर हमखास बिघडतात. तात्यांच्या लेखात वेलिंगचं 'वेल्डिंग' झालं होतं. असा प्रोग्राम ऐकलेल्या आवाजाशी जुळणाऱ्या शब्दांतून जास्त वापरातला शब्द उचलतो, आणि आपली गावं जगाच्या वापरात कुठे असतात! म्हणून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घ्यायची. न वाचता पाठवलेला मजकूर मला अजिबात मान्य नाही. देवस्थानाच्या नोटिशीत किंवा शोकसंदेशात नाव चुकणं हा समोरच्याचा अपमान आहे.

"बोलून लिहिलेलं ते लेखन कसलं?" असंही काही जण विचारतात. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. मराठीत याहून मोठा दाखला कुठला हवा?

अर्जांचंही तेच. १९८७च्या राजभाषा कायद्याने सरकारी कामात मराठी वापरायची तरतूद ठेवली आहे. राजभाषेच्या वादात मला इथे शिरायचं नाही. पण मराठीत टाईप कोण करून देणार, म्हणून लोक दुसऱ्याकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतात आणि त्यात काय लिहिलंय ते न कळता सही करतात. हे मला फार लागतं. आपली तक्रार आपल्या शब्दांत स्वतः सांगता यायला हवी.

एक काळजी घ्या. तुमचा आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथे त्याचे शब्द होतात. बँकेचे आकडे, पासवर्ड, घरातले जमिनीचे तंटे असं काही माईकवर बोलू नका. आणि पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर लॅपटॉपच्या माईकवर विसंबू नका, माईकवाला साधा इयरफोन लावा. बराच फरक पडतो.

गावच्या वाचनालयांनी एक कॉम्प्युटर आणि एक इयरफोन यासाठी ठेवावा, ही माझी विनंती. फोंड्याच्या आसपास कोणाच्या घरी असे तात्या, काकी, गुरुजी असतील तर खाली कॉमेंटमध्ये लिहा. घरी येऊन मराठी सेटिंग लावून देईन आणि पहिलं पान होईपर्यंत सोबत बसेन.