एकाच दिवशी दोघांनी ‘चल’ म्हणू नये

गेली सोळा वर्षं मी पुढच्या वर्षी भारतात परत येतोय. एवढा दांडगा अनुभव पाठीशी असल्यामुळे इथे न्यू जर्सीत नवी जोडपी माझ्याकडे सल्ल्याला येतात. एडिसनच्या ओक ट्री रोडवर मी कोथिंबिरीच्या जुड्या खालीवर करत असतो, तेवढ्यात नवरा हळूच विचारतो, "काका, तुम्ही कसं ठरवलंत?" बायको दोन पावलं मागे मेथी निवडल्यासारखं करत कान देऊन ऐकत असते. तुम्हीही तिथेच कुठेतरी उभे आहात असं समजून सांगतो.

ठरवायचं नसतं. ठरवलं की जावं लागतं, नाहीतर राहावं लागतं. दोन्हींत धोका आहे.

संसारात माणसं दोन का असतात? एकाला जावंसं वाटेल तेव्हा दुसऱ्याला राहावंसं वाटावं म्हणून. बागेतल्या सी-सॉवर दोघं समोरासमोर बसतात तोवर खेळ चालतो. दोघं एकाच टोकाला गेली की आपटलीच. चुकून एकाच दिवशी तुम्ही दोघंही ‘चल’ म्हणालात, तर घर विकावं लागेल, गाडी विकावी लागेल, आणि सांगलीच्या घरी तुमच्या खोलीत आईने ठेवलेली घरघंटी हलवावी लागेल. ती जड आहे.

आमच्याकडे पहिली सहा वर्षं ‘जाऊ या’ हे खातं हिच्याकडे होतं. ही डोंबिवलीची. लग्नाआधी कॉलेजात शिकवायची, पोरं तिला टरकून असायची. २००९ मध्ये माझ्यामागे एच-फोर व्हिसावर आली. एच-फोर म्हणजे तुमचा हुद्दा ‘अमक्याची बायको’, आणि त्या हुद्द्याला पगार नाही. नोकरी करायला बंदी. मग तिने गावच्या लायब्ररीतली कपाटं संपवली, बर्फात गाडी चालवायला शिकली, मुलगी झाली, तिला वाढवलं, आणि दर रविवारी रात्री उशीवर डोकं टेकताना विचारायची, "मी काय करतेय रे इथे?" या प्रश्नाला उत्तर नसतं. पण ‘थोडं थांबू, डॉलर चढतोय’ असं एक वाक्य असतं. ते कुठल्याही वर्षी चालतं, कारण डॉलर चढतच असतो.

मग मे २०१५ आला. जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल, तर एच-फोरवाल्यांनाही काम करायची मुभा मिळाली. हिचं वर्क परमिटचं कार्ड आलं, नोकरी लागली, पहिला पगार झाला. त्याच आठवड्यात मला आयर्विन पुलावरून दिसणारी कृष्णा आठवायला लागली. भडंग आठवलं. आईच्या हातची ज्वारीची भाकरी तर रोज रात्री साडेनऊला आठवे, नेमकी ही लॅपटॉप उघडून बसली की. मी म्हणालो, "जाऊ या का आपण?" ती मान वर न करता म्हणाली, "आत्ता?"

खातेबदल असा बिनबोभाट झाला. तुमच्याकडेही होईल, काळजी करू नका. फक्त दोघांपैकी कुणाची पाळी आहे ते लक्षात ठेवा आणि मागच्या सहा वर्षांचा हिशोब मागू नका. तो मागितला गेला तर निर्णय होण्याची शक्यता असते.

आता साधनसामग्रीकडे येऊ. सगळ्यांत भरवशाचं साधन म्हणजे ग्रीन कार्डाची रांग. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं निघतात, त्यात बायकापोरंही धरलेली, आणि एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त जात नाहीत. देश भारत असो की लक्झेंबर्ग, माप एकच. हा नियम ज्याने केला त्याचे आपल्यासारख्यांवर फार उपकार आहेत. आमची डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१४ ची. दर महिन्याला परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं. तिकडे आई कालनिर्णयात एकादशी बघते, इकडे मी बुलेटिनमध्ये डेट बघतो. डेट कधी महिनाभर पुढे सरकते, कधी मुक्काम करते, कधी चक्क मागे जाते. पुढे सरकली की म्हणायचं, आता तोंडाशी आलेलं सोडून कसं जायचं? अडली की म्हणायचं, इतकी वर्षं रांगेत घालवली ती वाया कशी घालवायची? मागे गेली की म्हणायचं काहीच नाही, सुस्कारा सोडायचा. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं तो नक्की कुठल्यातरी रांगेत उभा असणार.

रांगेत असताना नोकरी गेली तर साधारण ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी शोधा, नाहीतर निघा. लोक याला टांगती तलवार म्हणतात. मी म्हणतो सोय. आयुष्याचा निर्णय आपल्याऐवजी दुसरं कुणीतरी साठ दिवसांत उरकून देईल, ही केवढी निश्चिंती! आणि अधूनमधून सरकारही हातभार लावतं. सप्टेंबर २०२५ मध्ये शुक्रवारी सही झाली आणि रविवारी, २१ तारखेला, नव्या एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जावर एक लाख डॉलरचा आकार लागू झाला. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. आमच्या ओळखीतला एक जण वडिलांच्या श्राद्धासाठी गेला होता. शनिवारी सकाळी फोनवर बातमी वाचली आणि उद्याचं पान तसंच टाकून विमानतळावर पळाला. फ्रँकफर्टला उतरल्यावर कळलं की जुन्या व्हिसावाल्यांना हे लागूच नाही. तिथल्या बाकड्यावरून त्याने घरी फोन करून विचारलं, कावळा शिवला का? शिवला म्हणाले, पण उशिरा. वडील वाट बघत बसले असतील.

यावर तुमच्यापैकी एक जण नक्की म्हणेल, "बघ, म्हणूनच परत जायचं." छान. त्याला एकच प्रश्न विचारा: भारतात म्हणजे नक्की कुठे?

हा प्रश्न निदान तीन वर्षं पुरतो. मी सांगलीचा, ही डोंबिवलीची, आणि नोकऱ्या हिंजवडीत. सांगलीत हिला करमणार नाही, डोंबिवलीत मला श्वास घेता येणार नाही, म्हणजे राहिलं पुणे, जिथे आमच्या दोघांचंही कुणी नाही. हिच्या मते पुणं हा परदेशच आहे. तिथे जायचं तर मग एडिसन काय वाईट, निदान इथले दुकानदार ‘काय हवंय’ म्हणून आधी विचारतात. मग बाणेर की बावधन? शाळा कुठली, राज्य बोर्डाची की जिची फी ऐकून इथलं कॉलेज स्वस्त वाटावं अशी? सोसायटीत टँकर किती येतात? एकदा टँकरपर्यंत चर्चा पोचली की निर्धास्त झोपा. त्या रात्री कुणीही तिकीट काढत नाही.

नवऱ्यांसाठी आणखी एक जालीम उपाय आहे: सेंद्रिय शेती. मुळशीकडे किंवा दापोलीकडे दोन एकर घ्यायची, देशी गाय, हापूसची चार कलमं, संध्याकाळी ओसरीवर चहा. हे स्वप्न मी शिफारस करून देतो, कारण ते कायद्यानेच सुरक्षित केलेलं आहे. अनिवासी भारतीयाला किंवा परदेशी नागरिक होऊन ओसीआय कार्ड घेतलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. परत येऊन निवासी झालात तरी महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला सहसा आधी शेतकरी असावं लागतं. वारशाने मिळते, पण आमच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या कृपेने चुलत-आतेभावंडांची इतकी नावं आहेत की प्रत्येकाने एकेक पाऊल टेकवलं तर पेरायला जागा उरायची नाही. ज्या स्वप्नाला कायद्याची अडचण असते ते कधी नासत नाही. बिनधास्त बघा.

डिसेंबरची भारतवारी मात्र जपून करा. तीन आठवडे, एक दिवस जास्त नाही. पहिल्या आठवड्यात सगळंच गोड लागतं. पहाटेचा चहा, दारावर येणारा भाजीवाला, लग्नातली पंगत. मुलगी मराठीतून भांडायला लागते आणि आपल्याला भरून येतं. धोक्याचा आठवडा हाच; यात कुणी घर बघायला नेऊ लागलं तर पोट बिघडलंय म्हणून सांगा. दुसऱ्या आठवड्यात बँकेत जा. केवायसी राहिलंय, ते दर वेळी राहिलेलंच असतं. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणतो, "सर, सही जुळत नाहीये." कशी जुळेल? ती सही २००९ साली सत्तावीस वर्षांच्या पोराने केली होती, जो दोन वर्षांत परत येणार होता. तीन फेऱ्या मारल्या, फोटो दिले, पासपोर्टाच्या झेरॉक्सवर सह्या ठोकल्या की आपोआप तोंडून निघतं, "आपल्याकडे ना, काही बदलणार नाही." झालं. आता उरलेले दिवस मजेत काढा आणि २३ किलोच्या बॅगा भाजणीने भरा.

कागदोपत्री आपण कोण, असा प्रश्न कधी पडलाच तर दोन्ही सरकारांनी विचार करून ठेवलाय. इकडच्या आयकर खात्याच्या लेखी मी ‘रेसिडेंट एलियन’, म्हणजे इथे राहणारा परका. परत आलो तर तिकडचा आयकर कायदा मला दोन-तीन वर्षं ‘रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट’ म्हणेल: राहतो खरा, पण तसा राहत नाही. त्या काळात परदेशातल्या कमाईवर सहसा कर नाही, हा फायदा वेगळाच. पण मला त्यातली समज आवडते. माझी आई गेली दहा वर्षं जे शब्दांत पकडायचा प्रयत्न करतेय, ते कर खात्याने पाच शब्दांत सांगितलं.

आईचं निघालंच आहे तर सांगतो. रविवारी सकाळी आमचा फोन असतो, तिकडे संध्याकाळ. उन्हाळ्यात अंतर साडेनऊ तासांचं, नोव्हेंबरात इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेदहाचं होतं. आईला हे अजून पटलेलं नाही. "घड्याळ मागे नेता येतं होय तुमच्याकडे?" असं दर वर्षी विचारते. पूर्वी फोन ठेवताना म्हणायची, "मग यंदा?" मी म्हणायचो, "बघू, पुढच्या वर्षी." गेली दोन वर्षं तिने विचारणं सोडलंय. मी हे ‘आई आता समजूतदार झाली’ या सदरात टाकलंय. तुम्हीही तिथेच टाका. दुसरी सदरं उघडू नका, त्यांत झोप लागत नाही. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्या वहिनींनी फोन धरला होता आणि मला सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं. छत, पंखा, वहिनींचा अंगठा.

मुलांची वयं हे कारण सगळेच वापरतात, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. पाचवीपर्यंत ‘लहान आहे, जुळवून घेईल, बघू’, आठवीनंतर ‘आता मोठी झाली, जुळवून घेणार नाही’. मधली तीन वर्षं आपण ‘बघत’ असतो.

आणि जे खरोखर गेले, त्यांचा हेवा करू नका. आमच्या समोरच्या घरातलं जोडपं २०२२ मध्ये गेलं. बेसावध क्षणी दोघंही ‘चल’ म्हणाली होती. आता बावधनला अकराव्या मजल्यावर राहतात. मागच्या डिसेंबरात जेवायला गेलो तर त्याने हळूच बाल्कनीत नेऊन विचारलं, "तिकडे मार्केट कसं आहे रे?" आत ती हिला विचारत होती, "खरं सांग, इथून परत जाऊ नये असं वाटत नाही ना तुला?" माळ्यावर चार थंडीचे जाडजूड कोट खोक्यात भरून ठेवलेत. पुण्यात बर्फ पडलाच तर असावेत. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण तिने श्रीखंडाचा खूपच आग्रह केला.

काल रात्री मात्र घोटाळा झाला. जेवणं झाली होती, मुलगी वर तिच्या खोलीत, मी डिशवॉशरमध्ये भांडी लावत होतो. ही ओटा पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "चल ना. जाऊ या आपण." डोंबिवलीला तिची आई आठवडाभर पडून आहे. आवाज वरचा नव्हता, भांडणाचा तर नव्हताच. आणि मी, नियम बाजूला राहिला, "चल" म्हणून बसलो.

डिशवॉशर सुरू झाला होता. आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे. कुणीच काही बोलेना. सोळा वर्षांत पहिल्यांदाच दोघं एका टोकाला आलो होतो आणि कुणी आधी उठायचं ते कळत नव्हतं.

शेवटी मीच सुचवलं, "पण आत्ताच तर छप्पर बदललंय गं. तीस वर्षांची हमी आहे त्याला."

तिने श्वास सोडला. "तेही खरंच," म्हणाली. फडकं पिळून नळावर टाकलं. "आणि फ्रीजरमध्ये मोदकाची पिठी पण आहे दोन किलो."