दर्यातलं प्लास्टिक घरबसल्या मोजण्याची रीत

समुद्रात दरवर्षी किती प्लास्टिक जातं, हे तुम्हाला कधीतरी सांगावं लागणारच. मुलीचा निबंध असेल, ग्रामसभा असेल, नाहीतर शेजारच्या बाबांशी बाल्कांवावर, म्हणजे घरासमोरच्या बैठकीच्या ओट्यावर, घातलेला वाद असेल. तयारी असलेली बरी.

पहिली गोष्ट, त्यासाठी समुद्रावर अजिबात जाऊ नका. जगात सगळ्यात गाजलेला आकडासुद्धा जमिनीवर बसूनच काढलेला आहे. 2015 साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात 192 किनारी देश घेतले, किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत राहणारी माणसं धरली, मग माणशी कचरा किती, त्यात प्लास्टिक किती, त्यातलं वाऱ्यावर सोडलेलं, म्हणजे नीट विल्हेवाट न लावलेलं किती, असा गुणाकार करत गेले. उत्तर आलं : 2010 या एका वर्षात 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन.

(50 किलोमीटर म्हणजे आपला जवळजवळ अख्खा गोवा आला. वाळपईचा माणूससुद्धा दर्यावर्दी ठरला. पाहुण्यांना फिरवायचं असेल तेव्हाच तो बिचारा मिरामारचा किनारा बघतो.)

आता त्या ‘ते’कडे नीट पाहा. खरी सोय तिथे आहे. मुलीच्या निबंधात वरचा आकडा घाला, बक्षीस मिळतं. ग्रामसभेत खालचा सांगा, सभा लवकर सुटते.

हे ‘ते’ एवढं ऐसपैस का, असं कोणी विचारलंच तर घाबरू नका. वाऱ्यावर सोडलेल्यातलं समुद्रात किती पोचतं, हे कोणी जगभर फिरून मोजलेलं नाही. 15 ते 40 टक्के धरलं, आणि त्यासाठी आधार घेतला अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसराचा. तिथे पाऊस वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर. आपल्याकडे तीन हजाराच्या आसपास, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. पहिल्या मोठ्या पावसात पणजीतला सांतिनेझचा नाला मांडवी नदीकडे काय काय वाहून नेतो, ते पुलावर छत्री घेऊन दोन मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. पण उभं राहू नका. टक्केवारी बिघडते. शास्त्रज्ञांनी दोन्ही टोकं प्रामाणिकपणे लिहून ठेवली, हा त्यांचा दोष. आपण आपल्याला परवडेल ते टोक उचलावं.

त्याहून लहान आकडा हवा असेल तर नद्यांवरून मोजणाऱ्यांकडे जा. 2017 मध्ये नद्यांतून जाणारं साडेअकरा ते चोवीस लाख टन निघालं, 2021 मध्ये 8 ते 27 लाख टन. 2023 च्या एका अभ्यासाने तर सगळं मिळून वर्षाला सुमारे 5 लाख टनच जात असावं असं मांडलं. प्रत्येकाने वेगळी गोष्ट वेगळ्या मापाने मोजली, हे खरं. पण तेवढं बारीक वाचायला वेळ कोणाला आहे? आकडे एकाखाली एक लिहा आणि समुद्र आपोआप स्वच्छ होतोय असं सांगा. आणखी दोन-तीन अभ्यास येईपर्यंत थांबलो तर शून्यावर येईल.

मग कोणीतरी हुशार विचारेल, वर तरंगताना दिसतं ते किती? 2014 च्या अंदाजात तरंगणारे तुकडे सव्वापाच लाख कोटी, वजन जेमतेम 2 लाख 69 हजार टन. वर्षाला लाखो टन आत जातं, तर उरलेलं गेलं कुठे? शेवाळ आणि शिंपले चिकटून जड झालं की तळाला जातं, लाटा-उन्हाने झिजून मोजणाऱ्यांच्या जाळ्याच्या भोकाहून बारीक होतं, किनाऱ्याच्या वाळूत पुरलं जातं. एवढं सांगून थांबा. किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्या मच्छीमारांना मात्र विचारायला जाऊ नका. ते आकडा सांगत नाहीत, जाळं दाखवतात.

जुलैत नैऋत्येचं वारं हे सगळं परत आपल्या वाळूवर आणून टाकतं. त्यासाठी दोन रकाने ठेवा. मांडवीतून गेलं ते ‘समुद्रात’, मिरामारला परत आलं ते ‘बाहेरून आलेलं’. चप्पल तीच असली तरी चालेल.

नमुना घ्यायचा तो पर्यटकांचाच. कळंगुटला पार्किंगमध्ये दहा मिनिटं उभं राहा, हवा तेवढा पुरावा मिळतो. चतुर्थीचं थर्माकोलचं मखर या हिशेबात धरू नये, ती संस्कृती. नाटकाच्या रात्री वाटलेले चहाचे कप धरू नयेत, ती कलेची सेवा.

राहता राहिली मासळीबाजारातली आपली पातळ पिशवी. त्याची काळजी सोडा. 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला देशभर बंदी आहे, म्हणजे कायद्याने ती अस्तित्वातच नाही. जी नाहीच ती मोजायची कशी? तेव्हा बांगडे घेताना मोकळ्या मनाने सांगा, “दोन घाल गो, डिकीत पाणी गळतं.”